आधी मीटर, मग कान

हेडफोन एक, ध्वनिमुद्रण एक, ऐकणारा मीही एकच. तरी आवाज तीन ठिकाणी तीन तऱ्हेचा. मोबाइलला लावला की वसंतराव देशपांड्यांचा गळा बारीक, लांबून आल्यासारखा. लॅपटॉपला लावला की तोच गळा जरा मोकळा. घरातल्या जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरला लावला की डग्गा एवढा घुमायचा, की तानपुरा त्याखाली नाहीसा व्हायचा. हेडफोन 300 ओहमचा, ओपन-बॅक जातीचा, वापरलेला म्हणून परवडलेला. विकणाऱ्याने एवढंच सांगितलं होतं, की याला ॲम्प लागेल. कानाएवढ्या वस्तूला ॲम्प्लिफायर कशाला लागावा, आणि या तीन आवाजांतला खरा कोणता, हे मला कळेना. या न कळण्यातूनच घरी हेडफोन ॲम्प बांधायचा नाद लागला. इलेक्ट्रॉनिक्स मी कुठे शिकलेलो नाही. शाळेत ओहमचा नियम पाठ केला होता, तेवढीच शिदोरी.

पहिला उलगडा त्याच नियमाने केला. एक मिलिवॅट शक्ती पोचवायची तर 32 ओहमच्या हेडफोनला 0.18 व्होल्ट पुरतात. 300 ओहमच्या हेडफोनला 0.55 व्होल्ट लागतात, म्हणजे तिप्पट. त्यात शास्त्रीय गाण्याची जुनी ध्वनिमुद्रणं आजच्या सिनेमाच्या गाण्यांपेक्षा बरीच हळू असतात. मोबाइलमधल्या चिमुकल्या सर्किटला तेवढा व्होल्टेज झेपत नाही, म्हणून गळा बारीक.

जुन्या ॲम्प्लिफायरचं कोडं याहून अवघड होतं. तिथे व्होल्टेज भरपूर. पण अशा बऱ्याच ॲम्प्लिफायरमध्ये हेडफोनचं सॉकेट स्पीकरच्याच आउटपुटवरून, मध्ये काहीशे ओहमचा रेझिस्टर टाकून काढलेलं असतं. आणि हेडफोनचा इंपिडन्स सगळ्या सुरांना सारखा नसतो. पडद्याच्या स्वतःच्या कंपनाजवळ, साधारण 100 हर्ट्झच्या आसपास, तो चढतो. 300 चा 550 ओहमही होऊ शकतो. मधला रेझिस्टर 330 ओहमचा धरून हिशोब मांडला. एरवी हेडफोनच्या वाट्याला 48 टक्के व्होल्टेज येतो, खर्जात 62 टक्के. फरक सुमारे 2.4 डेसिबलचा, आणि तोही नेमका डग्ग्याच्या प्रदेशात. शिवाय मधल्या रेझिस्टरमुळे पडद्यावरची ॲम्पची पकड सैल होते, ती वेगळीच. म्हणून जाणकारांचा ठोकताळा असा, की ॲम्पचा आउटपुट इंपिडन्स हेडफोनच्या इंपिडन्सच्या आठव्या भागाहून कमी असावा. हे गणित वहीच्या एका पानावर सुटलं, तेव्हा हा विषय आपल्या आवाक्यातला आहे असं पहिल्यांदा वाटलं.

शेजारचे एक काका तरुणपणी रेडिओ दुरुस्त करायचे. आमच्या नागपूरचं आकाशवाणी केंद्र 1948 साली सुरू झालं. शाळकरी वयात काकांनी ते क्रिस्टल सेटवर ऐकलं होतं. एक कॉइल, एक डायोड, गच्चीवरून ताणलेली एरियलची तार आणि 2000 ओहमचा हेडफोन. बॅटरी नाही, वीज नाही. तारेने पकडलेल्या लहरींच्याच जोरावर पडदा हलायचा. प्रवाह इतका थोडा, की जास्त ओहमचा हेडफोनच त्यावर बोलू शके. ते ऐकलं आणि लक्षात आलं, की हेडफोनसाठी घरी सर्किट बांधणं ही आजची चैन नाही. आपल्याकडच्या रेडिओच्या छंदाची सुरुवातच तिथून झाली आहे. सेन्हायझरने 1968 साली ‘एचडी 414’ हा जगातला पहिला ओपन हेडफोन काढला, त्याचाही इंपिडन्स 2000 ओहमच होता.

काकांनी शिकवायचं कबूल केलं, पण अट घातली. ‘मीटर घेतल्याशिवाय डाग द्यायचा नाही.’ डाग म्हणजे सोल्डरिंग, मीटर म्हणजे मल्टिमीटर. ही अट किती मोलाची होती ते पुढे टप्प्याटप्प्याने कळत गेलं.

बांधायला निवडला तो सीमॉय. चू मॉय या अमेरिकेतल्या छंदी माणसाने हा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला, म्हणून त्याला हे नाव पडलं. आठ पायांची एक ऑप-अँप आयसी, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर, आवाजाचा पॉट आणि 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी, एवढाच संसार. जगभर लोकांनी तो पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवला. नवख्याने इथूनच सुरुवात करावी, कारण घरच्या 230 व्होल्टच्या विजेशी संबंध येत नाही. चुकलं तर फार तर एखादी आयसी जाईल. जिवावर बेतणार नाही.

मूळ आराखड्यात एकाच बॅटरीचे दोन रेझिस्टरांनी दोन भाग पाडून मधला बिंदू ग्राउंड मानतात. काकांनी दोन बॅटऱ्या घ्यायला सांगितल्या: एक अधिक बाजूला, एक उणे बाजूला आणि मधला जोड हेच ग्राउंड. असं केलं की ग्राउंड भक्कम मिळतं आणि आयसीला उणे 9 ते अधिक 9 व्होल्टचं मोकळं अंगण मिळतं. मात्र स्विच डबल पोलचा हवा. दोन्ही बॅटऱ्या एकाच खटक्याने बंद झाल्या पाहिजेत. एकच तुटली तर आयसीचं आउटपुट एका टोकाला जाऊन बसतं आणि सगळा व्होल्टेज हेडफोनच्या नाजूक कॉइलवर पडतो.

यादी घेऊन सीताबर्डीच्या बाजारात गेलो. सुट्या भागांच्या दुकानात हेडफोन ॲम्पचं नाव काढल्यावर दुकानदाराने 4440 चं किट समोर ठेवलं. ‘हेच घ्या भाऊ, 12 व्होल्टवर मस्त वाजते.’ त्याचं बरोबरच होतं. त्याच्याकडे येणारा माणूस गाडीत किंवा घरात स्पीकर वाजवायला येतो, आणि त्या कामाला ही आयसी वर्षानुवर्षं खपते आहे. पण स्पीकर वाजवणाऱ्या ॲम्पमधली बारीक सरसर स्पीकरवर कुणाला ऐकू येत नाही. कानाला चिकटलेल्या हेडफोनवर ती गाण्यासोबत सतत ऐकू येते. यादी दाखवल्यावर दुकानदाराने रस घेऊन एकेक वस्तू काढून दिली. झिरो पीसीबी, आठ पायांचा आयसी बेस, ईपी सॉकेट, शील्ड वायर, बॅटरीच्या टोप्या. यादीतली ‘ओपीए 2134’ नव्हती. ‘5532 घेऊन जा, तेच काम करते,’ असं म्हणून त्याने एनई 5532 दिली. ही 1979 च्या सुमाराची आयसी आजही जगभरच्या स्टुडिओंच्या मिक्सरांत काम करते आहे. शंका घ्यायला जागा नव्हती.

गोंधळ सुरू झाला तो घरी पुडी उघडल्यावर. निळ्या अंगाच्या एक टक्का अचूकतेच्या मेटल फिल्म रेझिस्टरवर पाच पट्टे असतात. 10 किलोओहमचे पट्टे तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी. दोन्ही टोकांना तपकिरीच. मग वाचायचं कुठून? उलट्या बाजूने वाचलं तर तोच रेझिस्टर 120 ओहमचा ठरतो. आणि पट्ट्यांमधलं अंतर इतकं सारखं, की भिंगाखालीही सुरुवातीचं टोक कळेना. काकांनी मीटरचे दोन प्रोब पायांना लावले, 9.98 किलोओहम असा आकडा आला आणि वाद मिटला. कपॅसिटरवर नुसतं 104 लिहिलेलं. म्हणजे 10 पुढे चार शून्यं, एक लाख पिकोफॅरड, म्हणजेच 0.1 मायक्रोफॅरड. हाच कपॅसिटर 100 किलोओहमच्या रेझिस्टरसोबत इनपुटला बसतो आणि सुमारे 16 हर्ट्झखालचं सगळं अडवतो. माणसाचं ऐकणं साधारण 20 हर्ट्झला सुरू होतं. म्हणजे ती किंमत कुणी अंदाजाने ठेवलेली नाही; ती कानाच्या मापाने निवडलेली आहे. असं एकेका भागामागचं कारण सापडत गेलं, तसतशी ती पुडी ओळखीची होत गेली.

डाग द्यायला शिकलो ते मे महिन्यात. नागपूरचा मे म्हणजे पारा 45 च्या घरात, आणि डाग देताना कूलर बंद ठेवावा लागतो. वाऱ्याने आयर्नचं टोक आणि जोड दोन्ही अवेळी थंड होतात. 63-37 प्रमाणातलं कथील-शिसं 183 अंशांना वितळतं. आधी तांब्याचा ठिपका आणि तारेचा पाय दोन्ही एकत्र तापवायचे, मग कथील लावायचं, आयर्नला नाही तर जोडाला; ते आपोआप पसरून चकाकतं. राळेचा धूर नाकात जाऊ नये म्हणून खिडकी उघडी हवी आणि शिसं असल्याने काम झाल्यावर हात साबणाने धुतले पाहिजेत. चांगला डाग चकचकीत आणि कडेला उतरता दिसतो. मळकट गोळा दिसला तर जोड कच्चा समजायचा.

सर्किट पूर्ण झालं आणि मी हेडफोनकडे हात नेला. काकांनी थांबवलं. ‘आधी मीटर, मग कान.’ इनपुटला काही न जोडता आउटपुटवर डीसी व्होल्ट मोजले. शून्याच्या जवळ काहीतरी यायला हवं होतं. दोन्ही बाजूंना 200 मिलिव्होल्टच्या वर आकडा आला. जोडणी पुन्हा तपासली, सगळी बरोबर. मग हा व्होल्टेज आला कुठून?

हे कोडं सोडवताना जे शिकलो, तो माझ्या दृष्टीने या सगळ्या खटपटीतला सर्वांत मोठा ठेवा. एनई 5532 च्या इनपुटला काम करायला अगदी थोडा प्रवाह लागतो, साधारण 200 नॅनोॲम्पिअर. तो प्रवाह इनपुटच्या 100 किलोओहममधून वाहतो आणि तिथे 20 मिलिव्होल्ट तयार होतात. सीमॉयची वाढ मुळात 11 पट. 20 गुणिले 11, झाले 220. आयसी निर्दोष, आराखडा निर्दोष. फक्त दोघांची सोयरीक जुळत नव्हती. 32 ओहमचा हेडफोन लावला असता, तर त्याच्या कॉइलमधून जवळजवळ 7 मिलिॲम्पिअरचा स्थिर प्रवाह वाहिला असता आणि पडदा कायम एका बाजूला ढकललेला राहिला असता. कानाला हे लगेच कळतही नाही. मीटरला कळतं.

ओपीए 2134 च्या इनपुटला एफईटी असतात. तिला लागणारा प्रवाह 5 पिकोॲम्पिअरच्या आसपास, म्हणजे 5532 च्या हजारो पटींनी कमी. ती मुंबईहून मागवली. आयसी बेस लावलेला असल्यामुळे एक काढून दुसरी बसवायला डाग उकलावा लागला नाही. पुन्हा मोजलं, आकडा काही मिलिव्होल्टांवर उतरला. मग हेडफोन लावला.

आवाज स्वच्छ होता, पण पॉट जेमतेम हलवला की कान भरून जायचा. शिवाय अगदी हळू आवाजात गाणं डाव्या बाजूला सरकायचं. वाढीचं कारण सरळ होतं: 11 पट आमच्या कामाला फार झाली. फीडबॅकमधला 10 किलोओहम काढून 2.2 किलोओहम घातला, वाढ 3.2 पट झाली आणि राहिलेला डीसीही त्याच प्रमाणात घटला. डावीकडे सरकण्याचं कारण पॉटमध्ये होतं. स्टिरिओ पॉटमध्ये एकाच दांड्यावर दोन पट्ट्या असतात आणि सुरुवातीच्या टोकाशी त्या क्वचितच सारख्या असतात. वाढ कमी केल्यावर पॉट मध्यापर्यंत उघडता आला आणि गळा मधोमध आला. पॉटवरचं अक्षरही पाहायला शिकलो. ‘बी’ म्हणजे सरळ प्रमाणात वाढणारा, ‘ए’ म्हणजे लॉग. कान आवाज गुणोत्तरात मोजतो, साधारण 10 डेसिबल वाढल्यावर आवाज दुप्पट झालासा वाटतो; म्हणून आवाजासाठी ‘ए’ हवा. बाजारात सहज हाती येतो तो बहुधा ‘बी’. एक बारीक गुणगुण राहिली होती, बोट पॉटजवळ नेलं की वाढणारी. आपलं शरीर घरातल्या वायरिंगची 50 हर्ट्झची लहर उचलतं, ती पॉटच्या धातूच्या अंगातून आत शिरत होती. पॉटचं अंग आणि पत्र्याची डबी ग्राउंडला जोडली आणि ती गेली.

आता वसंतराव. जन्म मूर्तिजापूरचा, पण शिक्षण नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे. त्यामुळे या गावाला ते आपले वाटतात. तीच बंदिश, तोच हेडफोन, आणि या वेळी डग्गा त्याच्या जागी होता. त्यामागे तानपुऱ्याचा झंकार अखंड ऐकू येत होता. तेव्हापासून मी कुठलंही यंत्र तानपुऱ्यावर पारखतो. जवारीमुळे तारेच्या मूळ सुरावर वरच्या सुरांची जी दाट रांग उभी राहते, ती हेडफोनच्या मध्य आणि वरच्या पट्टीचा कस पाहते. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली तानपुरा आणि वीणेच्या याच वरच्या सुरांवर निबंध लिहिला होता. त्याआधी 1920 मध्ये मृदंग-तबल्यांच्या शाईमुळे त्यांना सुरेल उपस्वर कसे मिळतात यावर. हेच रामन अर्थखात्याच्या नोकरीत 1910 च्या सुमाराला नागपुरात होते, हे वाचून मला फार आनंद झाला.

पुढचा टप्पा सुरावट जुळवण्याचा. त्यासाठी एक स्वस्त, 32 ओहमचा, बंद पाठीचा हेडफोन घेतला. इथे सर्वांत जास्त फरक कानावर टेकणाऱ्या गादीने पडतो, हे ऐकून खरं वाटलं नव्हतं. पण चष्म्याच्या काडीमुळे गादी आणि कानशिलात फट राहिली की खर्ज लगेच गळून जातो. चष्मा काढला की परत येतो. बंद पाठीच्या वाटीत आवाज भिंतीवर आपटून परततो आणि मधली पट्टी पोकळ करतो. त्यावर उपाय म्हणून वाटीत पिंजलेला कापूस भरतात. विदर्भात कापूस शोधायला जावं लागत नाही. थोडा भरला तर गायकाच्या आवाजातली डबडब गेली. जास्त भरला तर आवाज निर्जीव झाला. किती भरायचा ते प्रत्येक हेडफोनचं वेगळं.

मग हेडफोन कोणता सूर किती मोठा वाजवतो याचे आलेख पाहायला लागलो आणि पुन्हा बुचकळ्यात पडलो. ज्या हेडफोनला सगळे चांगला म्हणतात, त्याचा आलेख सपाट नसून 3000 हर्ट्झजवळ उंच टेकडी. कारण आपल्या कानात आहे. बाहेरचा कान आणि कानाची नळी मिळून 3000 हर्ट्झच्या आसपासचे सूर मुळातच वाढवून पडद्यापर्यंत नेतात, आणि जन्मापासून आपण तसंच ऐकतो. हेडफोन कानाला लागला की ही नैसर्गिक वाढ बिघडते, ती हेडफोनने भरून द्यावी लागते. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हार्मन कंपनीत श्रोत्यांवर प्रयोग करून दाखवलं, की बहुतेकांना चांगल्या खोलीत वाजणाऱ्या चांगल्या स्पीकरशी मिळताजुळता हेडफोन आवडतो. संगणकावर ‘इक्वलायझर एपीओ’ नावाची फुकट प्रणाली घालून मी तशा हेडफोनच्या आलेखाजवळ जायचा प्रयत्न करतो. नवख्याने वाढवण्यापेक्षा कमी करण्यावर भर द्यावा आणि एका वेळी एकच पट्टी हलवावी.

इथेही मीटर लागतोच. दोन जुळण्यांची तुलना करताना जी अर्धा-एक डेसिबल मोठी, ती कानाला हटकून चांगली वाटते. म्हणून 100 हर्ट्झचा सूर लावून दोन्हींचं आउटपुट एसी व्होल्टवर सारखं करून घेतो आणि मगच ऐकतो. महाग केबल, वेगळी आयसी, अमुक कंपनीचा कपॅसिटर यांतले बरेच फरक आवाज सारखा केल्यावर मला ऐकू आले नाहीत. गादी, कापूस आणि इक्वलायझरचे मात्र दर वेळी ऐकू आले. पैसे कुठे घालावेत याचा निकाल माझ्यापुरता यातच लागला.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बऱ्याच हेडफोनच्या माहितीपत्रकात एक मिलिवॅटला 95 ते 100 डेसिबल असं लिहिलेलं असतं. ज्या मिलिवॅटसाठी मी सुरुवातीला हिशोब मांडत होतो, तो गाण्यातल्या क्षणभराच्या उसळीसाठी. रोजच्या ऐकण्याला त्याचा शंभरावा भाग पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने 80 डेसिबलला आठवड्यात 40 तासांपर्यंत ऐकावं. 90 डेसिबलला तीच मर्यादा 4 तासांवर येते. घरी बांधलेला ॲम्प ती मर्यादा सहज ओलांडू शकतो, आणि गेलेलं ऐकणं डाग देऊन परत जोडता येत नाही.

ज्यांना हा नाद करून पाहायचा आहे त्यांनी जरूर करावा. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी लागत नाही. ओहमचा नियम, थोडा संयम आणि विचारायला एक जाणता माणूस पुरतो. सुरुवात बॅटरीवर करा, आयसीला बेस लावा, वाढ कमी ठेवा, आणि आउटपुटचा डीसी मोजल्याशिवाय हेडफोन जोडू नका. खरेदी मल्टिमीटरपासून सुरू करा. महाग हेडफोन नंतर घ्या.